एक जाळं, दोन पंचनामे

गेलो होतो बोटुकली मोजायला, अडकलो कासवात. रामटेक तालुक्यातला जंगलाला चिकटून असलेला जुना मालगुजारी तलाव. मासेमारीचा ठेका ढीवरांच्या सहकारी संस्थेकडे. पावसाळ्यात सोडलेली रोहू-कतल्याची बोटुकली किती जगली ते पाहायचं, नोंदवहीत लिहायचं आणि संध्याकाळपर्यंत नागपूर गाठायचं, मत्स्यव्यवसाय खात्याचा माणूस म्हणून एवढंच माझं काम होतं.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पोचलो तर जाळं बाहेर ओढलेलं, पण कोणी हात लावायला तयार नाही. मध्यभागी मऊ पाठीचं कासव. पुढच्या पायाला नायलॉनचा दोरा असा करकचून बसलेला की मांस दिसत होतं. संस्थेच्या अध्यक्षांनी आधीच वनखात्याच्या नाक्यावर फोन केला होता. वनरक्षक आला आणि पहिलं काम म्हणून जाळं जप्तीत घेतो म्हणाला.

"आमीच फोन केला जी," अध्यक्ष म्हणाले. "लपवाचं असतं तं कापून खाल्लं नसतं का?"

वनरक्षकाचंही खोटं नव्हतं. हे कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं. शिकार सिद्ध झाली तर तीन ते सात वर्षं कैद. पण जाळं आमच्या खात्याच्या अनुदानातून घेतलेलं. एका खात्यानं पैसे द्यायचे, दुसऱ्यानं जप्त करायचं! मी जाळ्याचा आणि त्यातल्या मासळीचा वेगळा पंचनामा लिहायला बसलो, वनरक्षक कासवाचा. पंच मात्र तेच दोघे. बिचाऱ्यांनी दोन्हीकडे सह्या केल्या.

तेवढ्यात आरएफओ, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी, मॅडम आल्या. त्यांनी जाळं कापून पाय मोकळा केला, ओलं पोतं घातलेल्या टबात कासव ठेवलं आणि नागपुरात सेमिनरी हिल्सला जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणाऱ्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला निघाल्या. माझी गाडी दुसऱ्या कामाला गेली होती, म्हणून मीही त्यांच्याच गाडीत बसलो.

मनसर ओलांडेपर्यंत मॅडम गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सर, तुमचं आणि आमचं खातं एकच करून टाकायला पाहिजे. अमेरिकेत बघा."

अमेरिकेतलं मीही थोडं वाचलं होतं. ओरेगन राज्यानं मासे आणि वन्यजीव यांची दोन मंडळं १९७५ मध्ये एक केली, वॉशिंग्टन राज्यानं आपली दोन खाती १९९४ मध्ये. पेनसिल्व्हेनियात विलीनीकरणाचा विषय पुन्हा पुन्हा निघतो, पण तिथं शिकारीचं आणि मासेमारीचं मंडळ अजून वेगळंच आहे. मात्र तिथल्या या खात्यांचा बराच खर्च परवाना काढणारा हौशी शिकारी आणि गळ टाकून बसणारा हौशी माणूस उचलतो. बंदुकांवरच्या कराचा पैसा १९३७ च्या कायद्यानं, मासेमारीच्या साहित्यावरचा १९५० च्या कायद्यानं राज्यांकडे जातो. आपला ढीवर हौस म्हणून पाण्यात उतरत नाही. त्याची चूल त्यावर पेटते.

"आणि कायद्याचं काय?" मी विचारलं. मत्स्यव्यवसाय राज्यसूचीत. वन्यप्राणी १९७६ च्या घटनादुरुस्तीनं समवर्ती, म्हणजे केंद्र-राज्य दोघांच्या, सूचीत गेले. आम्ही १९६० च्या राज्याच्या कायद्यावर चालतो, मॅडमचं खातं १९७२ च्या केंद्राच्या. शिवाय वन्यजीव कायद्यातल्या 'प्राणी' या शब्दात २००२ पासून मासेही येतात. म्हणजे अभयारण्यात रोहूसुद्धा मॅडमचाच!

"तोतलाडोह आठवतो ना?" त्या म्हणाल्या. आठवणारच. पेंचच्या जंगलातल्या त्या जलाशयात मध्य प्रदेशच्या बाजूनं विस्थापित आदिवासींना मासेमारीचे ३०५ परवाने दिले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९७ मध्ये कोर्टानं फोटोचं ओळखपत्र, काठावर विस्तव न पेटवणं अशा अटींवर ते चालू ठेवले. त्या वादात मासे किती निघतील यापेक्षा जंगलात माणूस शिरला तर काय होईल याचीच काळजी जास्त होती. माझी भीती तीच आहे. खाती एक झाली की वरचढ वर्दीवाला ठरणार, आणि आज अनुदानाचा अर्ज घेऊन येणारा माणूस उद्या त्याच टेबलापुढे जबाब द्यायला उभा राहणार. हे मी मॅडमना असंच सांगितलं. त्यांना पटलं नाही. कामठीपर्यंत वाद चालला, आणि एक गोष्ट त्यांनी बरोबर सुनावली: "जाळ्याचं अनुदान देताना कासव अडकलं तर काय करायचं, हे तुमच्यातलं कोणी शिकवतं का?" नाही शिकवत. ते शिकवायला खाती एक करावी लागत नाहीत, हे माझं उत्तर तेवढंच खरं.

डॉक्टरांनी जखम धुतली, पाय वाचेल म्हणाले. संस्थेनं स्वतः कळवलं होतं, म्हणून मॅडमनी गुन्हा न नोंदवता बचावाची नोंद केली. जाळं मात्र वरिष्ठांची मंजुरी येईपर्यंत नाक्यावर. संस्थेचा हंगाम जाऊ नये म्हणून मी दुसऱ्या जाळ्याच्या अनुदानाचा प्रस्ताव पाठवला. तो शेरा मारून परत आला: 'पहिले जाळे कोठे आहे, याचा खुलासा करावा.'