होडीबरोबर जेट स्की : तीन बेटांच्या फेरीची नोंद

तीन बेटं ठरवली होती, दोन झाली. तिसरं समोर दिसत असताना मागे फिरलो. तरी गेल्या चार महिन्यांच्या सरावात जेवढं शिकलो नव्हतो तेवढं या एका सकाळी शिकलो, म्हणून नोंद सविस्तर लिहितो आहे.

आधी ताफा. साडेपाच मीटरची उघडी होडी, मागे 60 अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बाहेरच्या बाजूला टांगलेलं इंजिन. तीन जेट स्की. माणसं आठ: होडीत चौघं, दोन स्कींवर एकेक जण, तिसरीवर दोघं. (जेट स्की हे खरं तर कावासाकीचं 1973 पासूनचं व्यापारी नाव. आता सगळेच सरसकट तेच म्हणतात, मीही तेच म्हणतो.) होडी आणि स्की दोन्हींना साधंच पेट्रोल लागतं, ही या जोडीची मोठी सोय. आउटबोर्ड तेल मिसळून चालणारं टू-स्ट्रोक असतं तर डबे वेगळे ठेवावे लागले असते आणि गडबडीत चुकीचा डबा ओतला जायची भीती कायम राहिली असती.

पहिल्या सरावापासून आमचं घोडं अडत होतं ते वेगावर. होडीला भरल्या वजनाने 18 नॉट (ताशी 18 सागरी मैल) झेपतात, स्कीला त्याच्या दुप्पट सहज. मग स्कीवाले पुढे सुटायचे, थांबायचे, वळून मागे यायचे, पुन्हा सुटायचे. मजा यायची, पण टाकीचं काय? शेवटी आम्ही मोजलं. तीच स्की, तोच माणूस, तेच 10 सागरी मैल. सुसाट पळत-थांबत गेल्यावर 16 लिटर लागले, होडीच्या मागोमाग 18 नॉटवर गेल्यावर 11. त्या दिवसापासून होडीच पुढे राहते. स्की तिच्या मागे, डाव्या-उजव्या अंगाला, होडीने उठवलेल्या लाटेच्या बाहेर. दोन स्कींमध्ये निदान 100 मीटर. 18 नॉट म्हणजे सेकंदाला नऊ मीटरच्या वर, म्हणजे 100 मीटर जेमतेम अकरा सेकंदांत संपतात. स्कीला ब्रेक नाही असं धरूनच चालावं. आणि घाबरून थ्रॉटल (वेगाचा खटका) सोडला की वळवण्याची ताकदही जाते, कारण स्की वळते ती मागून सुटणाऱ्या पाण्याच्या झोताने. नवीन माणूस इथेच चुकतो. समोर काही आलं की हात आपोआप सुटतो आणि स्की सरळ त्यावरच जाते. आम्ही प्रत्येकाकडून हे वीस-वीस वेळा घोटून घेतलं: थ्रॉटल थोडा धरून ठेवायचा आणि वळायचं.

पेट्रोलचा हिशेब तिसऱ्या हिश्श्याचा. एक हिस्सा जायला, एक यायला, एक राखीव. टाकी 60 लिटरची, म्हणजे खर्चायला 40. वाट अशी आखली होती: किनाऱ्यापासून पहिलं बेट 6 सागरी मैल, तिथून दुसरं 4, दुसऱ्याहून तिसरं 5, आणि परतीचे 11. एकूण 26 मैल, साधारण 29 लिटर. कागदावर चोख बसत होतं.

वेळ ठरवताना भरती आणि वारा दोन्ही बघितले. सकाळी मतलई वारे पडत आलेले असतात आणि खारे सुरू व्हायचे असतात. त्या मधल्या वेळात पाणी सर्वांत शांत. ऊन चढलं, जमीन तापली, की समुद्रावरून वारा सुटतो आणि दुपारपर्यंत वाढतच जातो. म्हणून बारापर्यंत परत किनाऱ्याला, असं पक्कं केलं. पूर्ण भरती 6:40 ला होती आणि आम्ही 7:15 ला निघालो.

पहिल्या बेटापर्यंत पाणी अगदी तेल ओतल्यासारखं. स्कीवर बसलं की डोळे पाण्यापासून जेमतेम एक मीटरवर असतात, तिथून क्षितिज फक्त दोनेक सागरी मैलांवर. म्हणजे बेट दिसतं ते आधी नुसता वरचा डोंगर, पाण्यावर तरंगल्यासारखा, आणि मग हळूहळू त्याला खालून किनारा फुटत जातो. हे होडीत उभं राहून इतकं जाणवत नाही. त्यासाठीच मी स्कीवर जातो, असं म्हटलं तरी चालेल. पहिल्या बेटावर पाऊण तास थांबलो. तिथलं सगळं ठरल्यासारखं झालं, लिहिण्याजोगं काही नाही.

साडेआठला निघालो आणि दहाच मिनिटांत मधली स्की मागे पडली. ताई चालवत होती. इंजिनाचा आवाज चढत होता, पण स्की पुढे जाईना, आणि बैठकीखाली बारीक थरथर. तिने लगेच इंजिन बंद केलं, मनगटाची दोरी (माणूस पडला तर इंजिन बंद करणारी) ओढून काढली आणि हात डोक्यावर आडवा धरला. ही आमची 'अडकलंय' ची खूण. बोलून उपयोग नसतो, इंजिनांच्या आवाजात वायरलेससुद्धा नीट ऐकू येत नाही.

स्की खालून पाणी ओढते आणि इंपेलर (पंपातला पात्यांचा फिरता पंखा) ते मागे फेकतो. इंपेलरच्या पात्यांची टोकं आणि भोवतीची कडी यांच्यातलं अंतर मिलिमीटरपेक्षाही कमी असतं. तिथे दोरी, पिशवी, शेवाळ, काहीही गेलं की पकड सुटते. खोल पाण्यात स्की कुशीवर करून दादाने हात घालून बघितला. दोरी हाताला लागत होती पण सुटत नव्हती. मग ओढत न्यायचं ठरलं.

पुढचं जरा नीट वाचा. बंद पडलेली स्की वेगाने ओढली तर जेट पंपातून पाणी थंडाव्याच्या नळीत शिरतं. इंजिन चालू असताना तेच पाणी एक्झॉस्टबरोबर बाहेर फेकलं जातं. बंद असताना ते साठत साठत मागे फिरतं आणि थेट सिलिंडरमध्ये जाऊ शकतं. बऱ्याच मॉडेलांत यासाठी पंपाकडून इंजिनाकडे जाणारी नळी चिमट्याने दाबून ठेवायला सांगतात. आपल्या मॉडेलचं काय ते पुस्तिकेत आधीच बघून ठेवा, समुद्रावर शोधत बसू नका. आमच्याकडे चिमटा होता, तो लावला, आणि तरीही 4 नॉटच्या वर गेलो नाही. दोन मैलांना अर्धा तास लागला. ओढायचा दोर इतका लांब सोडला की होडी आणि स्की एकाच वेळी लाटेच्या माथ्यावर आणि एकाच वेळी खोलगटात राहतील. नाहीतर दर लाटेला दोर सैल पडतो आणि हिसका बसतो.

दुसऱ्या बेटावर पोचलो तेव्हा सव्वानऊ होऊन गेले होते आणि ओहोटीचा जोर नेमका वाढत होता. बाराव्या भागाचा हिशेब तुम्हाला माहीत असेलच: सहा तासांच्या ओहोटीत पहिल्या तासाला एकूण उताराच्या बारा भागांपैकी एक भाग उतरतो, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या आणि चौथ्याला तीन-तीन, मग दोन, मग एक. त्या दिवशीचा उतार 2.4 मीटर, म्हणजे एक भाग 20 सेंटिमीटर आणि आमच्या तासाभरात पाणी 60 सेंटिमीटर खाली जाणार. साडेतीनशे किलोची स्की वाळूवर चढवून कामाला लागलो असतो, तर काम संपेपर्यंत पाणी कित्येक पावलं मागे गेलं असतं आणि ती पुन्हा ढकलत नेणं आठ जणांनाही जड गेलं असतं. म्हणून गुडघाभर पाण्यातच तिला कुशीवर धरली आणि एकाला फक्त पाणी बघायचं काम दिलं. दर दहा मिनिटांनी तो 'चला' म्हणायचा आणि आम्ही चार पावलं समुद्राकडे सरकायचो. स्की कोणत्या बाजूला कलंडवायची तेही ठरलेलं असतं, मागे स्टिकरवर बाण असतो. उलट्या बाजूने फिरवली तर एक्झॉस्टमधलं पाणी इंजिनात उतरू शकतं.

दादाने पाणी ओढायच्या तोंडावरच्या जाळीतून टॉर्च मारला. हिरवा नायलॉन, जाळ्याचा तुटका काठ असावा. शाफ्टवर इतका घट्ट गुंडाळला होता की उष्णतेने वितळून त्याची एकसंध नळी झाली होती, काचेसारखी गुळगुळीत. बोटाने उकलायचा प्रश्नच नव्हता. वाकड्या पात्याच्या सुरीने तो लांबीला कापत गेला. एकेक तुकडा काडीएवढा निघत होता. ताई तुकडे मोजून डब्यात टाकत होती, म्हणजे आत काही राहू नये आणि समुद्रात परत काही जाऊ नये. शेवटचा तुकडा निघाल्यावर दादाने इंपेलरच्या प्रत्येक पात्याची कड नखाने चाचपली. एका पात्यावर बारीक खाच होती, बाकी ठीक. मग स्की कमरेएवढ्या पाण्यात नेऊनच चालू केली, कारण उथळ पाण्यात चालू केली तर पंप वाळू ओढतो आणि वाचवलेला इंपेलर तिथेच खराब होतो.

तोवर पावणेअकरा झाले होते. तिसरं बेट पाच मैलांवर, स्वच्छ दिसत होतं. स्की व्यवस्थित चालत होती, पेट्रोल मुबलक होतं. आमच्यातल्या दोघांना जायचंच होतं आणि त्यांचं म्हणणं अगदी चुकीचं नव्हतं. पण लांबवर पाण्यावर पांढरे ठिपके दिसायला लागले होते. ब्यूफर्टच्या मोजपट्टीवर तुरळक पांढऱ्या लाटा म्हणजे तिसरी पायरी, 7 ते 10 नॉट वारा. त्या वाढल्या की चौथी, 11 ते 16. आम्ही घेतलेला नियम असा की एकाने जरी 'नको' म्हटलं तरी नको, कारण विचारायचं नाही. ताईने 'नको' म्हटलं.

साडेअकराला परत फिरलो. सरळ किनाऱ्यापर्यंत 8 मैल. खारा वारा पाठीमागून आणि ओहोटीची धार समोरून, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या. अशा लाटांत पुढे पळायचा मोह होतो, पण उतारावरून स्की सुटली की तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पुढच्या लाटेत घुसते. म्हणून लाटेच्या पाठीवर बसून, तिच्याच वेगाने, 9 नॉटच्या आसपास. खोलगटात गेल्यावर होडीवरून आम्ही दिसत नव्हतो, दिसायची ती फक्त नारिंगी हेल्मेटं. होडीतला एक जण तोंड मागे करून बसला होता आणि दर मिनिटाला चार हेल्मेटं मोजत होता.

आठ मैलांना जवळजवळ तास लागला आणि माझ्या स्कीने 15 लिटर खाल्ले. मैलाला 1.1 लिटरच्या जागी जवळपास 1.9. तिसऱ्या बेटावरून परतीच्या 11 मैलांना हाच दर लागला असता तर 21 लिटर. तिथवर जाण्याचे साधारण 17 त्यात मिळवा. 40 लिटरांत कसंबसं बसलं असतं, आणि वारा आणखी चढला असता तर बसलं नसतं. यापुढे परतीचा हिस्सा याच दराने धरणार.

किनाऱ्यावर आल्यावर तिन्ही स्की गोड्या पाण्याने धुतल्या. आधी इंजिन चालू, मग पाणी. संपवताना आधी पाणी बंद, मग इंजिन. हा क्रम उलटा झाला तर तेच पाणी पुन्हा सिलिंडरच्या वाटेला. खाच पडलेला इंपेलर काढून कड कानशीने साफ करून घेतली आहे, पाण्यात चाचणी अजून बाकी आहे.

पुढची फेरी अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत. उतार कमी असेल, धारही मंद. या वेळी वाट उलटी: आधी थेट तिसरं बेट, सकाळच्या शांत पाण्यात लांबचे 11 मैल उरकून घ्यायचे आणि मग एकेक बेट करत किनाऱ्याकडे सरकायचं. वाकड्या पात्याच्या सुऱ्या आता तीन झाल्या आहेत, प्रत्येक स्कीवर एक.