15 खाटा आणि नोंदणीचं नूतनीकरण

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या 15 खाटांच्या हॉस्पिटलची नोंदणी मार्चअखेर संपत होती. माझे मिस्टर स्त्रीरोगतज्ज्ञ. पेशंट ते बघतात, कागद मी बघते. यावेळी प्रत्येक नियमासमोर मी त्याचा खर्च लिहीत गेले, आणि तो कोणाच्या खिशातून जातो व फायदा कोणाच्या पदरात पडतो, तेही.

दवाखान्या-हॉस्पिटलांच्या नोंदणीचा केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो, आणि पुण्यात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. अर्जाची फी हा त्यातला सगळ्यात लहान आकडा. खरा खर्च सोबत जोडायच्या कागदांचा: फायर एनओसी (अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला), प्रदूषण नियंत्रण मंडळाचं जैववैद्यकीय कचऱ्याचं अधिकारपत्र, इमारतीचं भोगवटा पत्र, डॉक्टर-नर्स यांच्या कौन्सिलच्या नोंदण्या. सोनोग्राफी असेल तर पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखालची नोंदणी, वेगळीच.

सगळ्यात जास्त दमवलं ते फायरने. खाली दुकानं, मधले दोन मजले आमचे, वर फ्लॅट, अशी आमची जुनी इमारत आहे. पंप आणि होज रील (आग विझवायचा गुंडाळलेला पाण्याचा पाइप) बसवायची तर गच्चीवर पाण्याची वेगळी टाकी हवी, आणि गच्ची सोसायटीची. विषय जनरल बॉडीत गेला. सेक्रेटरी काकांनी शांतपणे सांगितलं, "वहिनी, टाकी तुमची, पण स्लॅब आमचा." त्यांचंही बरोबरच होतं. मग स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं, त्याचं पत्र घेतलं, त्याची फी दिली, पुन्हा मीटिंग झाली, आणि तेव्हा कुठे ठराव झाला.

सगळं मिळून 5 लाखांचं काम, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 90 हजार. दुकानदार असतो तर हा कर पुढच्या करातून वळता करून घेतला असता. आरोग्यसेवा बहुतांशी जीएसटीमुक्त असल्यामुळे हॉस्पिटलला तसा परतावा मिळत नाही. बिलावर कर नाही म्हणून पेशंटला बरं वाटतं, पण आम्ही भरलेला कर आमच्या दरातच मुरतो. 5 लाख 90 हजार भागिले 15, म्हणजे खाटेमागे 39 हजारांवर. 150 खाटांच्या हॉस्पिटलला पंप मोठा लागेल, टाकी मोठी लागेल, पण दहापट पैसे लागणार नाहीत. छोट्या हॉस्पिटलांची खरी अडचण इथे आहे. नियम सगळ्यांना सारखा, पण खाटेमागे त्याचा भार आमच्यावर कितीतरी जास्त. तो पेलला नाही की नर्सिंग होम बंद होतं, आणि घराजवळ साध्या खर्चात होणाऱ्या बाळंतपणासाठी बाईला एकतर सरकारी ससून रुग्णालयाची गर्दी गाठावी लागते, नाहीतर कॉर्पोरेट हॉस्पिटलचं पॅकेज.

तरीही हा नियम नको, असं मी म्हणणार नाही. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून 10 बाळं गेली. आमच्याकडेही बाळंतिणी असतात; टाके घातलेली बाई आणि दोन दिवसांचं बाळ जिन्यावरून धावू शकत नाहीत. चाचणीच्या दिवशी यंत्रणा बसवणाऱ्या एजन्सीच्या मुलाने व्हॉल्व्ह फिरवला. आमच्या आयाबाई नोझल धरून उभ्या होत्या. आधी नुसती हवा फुसफुसली, मग तांबूस पाणी आलं, मग स्वच्छ पाण्याचा असा जोर आला की दोघींना धरावं लागलं. आता रात्रपाळीच्या प्रत्येकीला ते नोझल धरता येतं. हा फायदा कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही, कारण न लागलेल्या आगीची पावती कोणी फाडत नाही.

कचऱ्याच्या नियमाचं गणित मला जास्त न्याय्य वाटतं. 2016 च्या नियमांप्रमाणे पिवळी पिशवी, लाल पिशवी, सुयांसाठी टोचून भोक न पडणारा पांढरा डबा, काचेसाठी निळा, पिशव्यांवर बारकोड, आणि प्रक्रिया न केलेला कचरा 48 तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. हा कचरा नेणाऱ्या गाडीचं आमचं बिल खाटांवर ठरतं, त्यामुळे 15 खाटांना 15 खाटांचेच पैसे. इमारतीचा सुका कचरा न्यायला 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई येतात. त्यांनी एकदा मला बोट दाखवलं. दुसऱ्याच कुठल्या तरी ठिकाणी कागदांच्या पिशवीतून सुई लागली होती. "ताई, सहा महिने रक्त तपासत बसले," म्हणाल्या. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर लागण साधारण हजारात तिघांना होते. हिपॅटायटिस बी चा धोका, लस घेतली नसेल तर, त्याच्या कित्येक पट. पांढऱ्या डब्याचा खर्च आमचा आणि फायदा त्या ताईंचा. बाजारावर सोडलं असतं तर हा डबा कोणी विकत घेतला नसता, म्हणून तिथे कायदाच हवा.

शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. खर्च एका बोर्डाचा, आणि डिस्चार्जच्या वेळची बिलावरची वादावादी आमच्याकडे खरंच कमी झाली. नातेवाईक आल्या आल्या बोर्डाचा फोटो काढतात. काढू देत.

ज्या खर्चाचा कोणालाच उपयोग नाही, त्याची मात्र मला मनापासून चीड येते. तेच भोगवटा पत्र, त्याच डॉक्टरांच्या पदव्या, तेच नकाशे प्रत्येक परवानगीसाठी वेगळे, प्रत्येकाच्या मुदती वेगळ्या. फायरचा फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, तर दर जानेवारीत आणि जुलैत. ही कागदपत्रं एकदाच एका ठिकाणी जमा करून सगळ्या विभागांनी तिथूनच बघितली, तर सुरक्षितता तसूभरही कमी होणार नाही, आणि आमच्या हेड नर्सचे झेरॉक्समध्ये जाणारे तास वॉर्डाला मिळतील. मोठ्या हॉस्पिटलांत यासाठी अख्खा विभाग असतो.

नूतनीकरण झालं. आता आमच्या रस्त्यावरच्या चार छोट्या हॉस्पिटलांनी मिळून कागदपत्रांसाठी एक माणूस नेमायचं ठरवलंय. फायरची एजन्सीही एकत्रच ठरवणार, म्हणजे दरात घासाघीस करता येईल. त्या माणसाचा पगार खाटांच्या प्रमाणात वाटून घ्यायचा, हा मुद्दा मी पहिल्याच बैठकीत लिहून घेतला.