पिशवी काढायचं कोण ठरवतं?

आमच्या स्त्रीरोग विभागात इंटर्न्सची नवी बॅच आली की मी त्यांना केसपेपर वाटते. वय ३२, दोन मुलं, अंगावरून पांढरं जातं, पाळीत जास्त जातं, कंबर दुखते. निम्म्यांच्या कागदावर व्यवसाय ‘शिक्षिका’, निम्म्यांच्या कागदावर ‘ऊसतोड कामगार, बीड’. बाकी शब्दन्‌शब्द सारखं. उपचार लिहा, एवढंच सांगते.

शिक्षिकेला सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी), गोळ्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी मिळते. दुसऱ्या कागदावर दर बॅचला कुणीतरी लिहितंच: ‘कुटुंब पूर्ण. गर्भाशय काढण्याचा सल्ला.’

मग कागद शेजारी शेजारी ठेवायचे आणि मुलांना बोलू द्यायचं. ही मुलं वाईट नाहीत, त्यातली काही तर त्याच तालुक्यांतली असतात. “मॅडम, ती फॉलोअपला येणारच नाही.” “पेशंट स्वतःच म्हणते, पिशवी काढून टाका.” दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणूनच त्यांच्यामागे काय आहे ते मी सांगत बसते. नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे दोघांची मजुरी एकत्र. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली. एक दिवस कामावर गेलं नाही तर मुकादम, म्हणजे मजुरांचा ठेकेदार, खाडा लावतो, पैसे कापतो. फडात ना संडास, ना पाणी, ना पाळीचे कपडे धुवायला आडोसा. त्यात कुणी डॉक्टर म्हणाला की ठेवलीत तर कॅन्सर होईल, तर ती बाई दुसरं काय मागणार? तिच्या तोंडून आलेली मागणी मुकादमाच्या हिशेबातून आलेली असू शकते, हे ओपीडीत बसलेल्या डॉक्टरला दिसलं पाहिजे.

२०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. या बायकांसाठी गर्भाशय म्हणजे मुलं झाल्यावर निरुपयोगी अवयव, हे किती डॉक्टरांनी मनात धरलं असेल!

फॉलोअपचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. ती सहा महिने कारखान्याच्या भागात असणार, हे गृहीत धरूनच उपचार ठरवायला हवेत. पांढरं जाण्याचं कारण जंतुसंसर्ग असेल तर बहुतेकदा गोळ्यांचा छोटा कोर्स पुरतो, काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं. रक्तस्राव जास्त असेल तर हार्मोनची तांबी काही वर्षं काम करते. तिशीत गर्भाशयाबरोबर अंडाशयंही गेली तर हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि हिला तर डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकवर चढायचंय. गंमत म्हणजे हे सगळं मुलांना पाठ असतं. परीक्षेत विचारलं तर नीट लिहितात. त्या कागदावर मात्र सुचत नाही.

२०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचे तास आले, ते चांगलंच झालं. पण पूर्वग्रह व्याख्यानाच्या हॉलमध्ये सापडत नाही. तो राउंडवर सापडतो, ‘यांना सांगून कळत नाही’ असं सीनिअर बोलून जातो तेव्हा. त्यामुळे निवासी डॉक्टर आणि सिस्टर्सनाही मी याच सत्राला बसवते.

इंटर्न्सनी केसपेपरवर आता तीन ओळी जास्त लिहायच्या असतात: कामावर कधी जाणार, परत कधी येणार, ऑपरेशनचा विषय आधी कुणी काढला.