खालून पिवळं की वरून पिवळं? ग्रो लाइटखालच्या मिरच्या, आठवडा ७ ते १०

मांडणी मागच्या नोंदीतलीच. पुण्यात धायरीतली बंद खोली, १० लिटरच्या ६ ग्रो बॅग, ७० टक्के धुतलेलं कोकोपीट आणि ३० टक्के परलाइट. चार झाडं फुले ज्योती, दोन लवंगी (दोन्ही मिरचीच्या जाती). पांढरा एलईडी शेंड्यापासून ४५ सेंटिमीटरवर, रोज १४ तास. खत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के), लिटरला १ ग्रॅम. पाणी महापालिकेचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ८०.

आठवडा ७. दोन्ही लवंगींची खालची पानं पिवळी. शिरा हिरव्या, मधला भाग फिका, शेंडा एकदम ठणठणीत. नत्राची कमतरता असती तर जुनं पान शिरांसकट सरसकट पिवळं पडलं असतं. पालाश कमी असतं तर पिवळेपणा कडेने सुरू होऊन कड करपली असती. इथे शिरांच्या मधेच पिवळं, म्हणजे मॅग्नेशियम. ते झाडात फिरतं. कमी पडलं की झाड जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना देतं.

कारण खताच्या पुडीवरच छापलेलं असतं. १९:१९:१९ मध्ये कॅल्शियम नाही, मॅग्नेशियमही नाही. पाणी मऊ, त्यामुळे तिथूनही काही मिळत नाही. वर कोकोपीट ही दोन्ही धरून ठेवतं आणि बदल्यात पालाश सोडतं. (या खतातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाचं असतं आणि ते टीडीएस मीटरला दिसतच नाही. आकडा कमी दिसला म्हणून डोस वाढवू नका.)

उपाय: एपसम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) लिटरला अर्धा ग्रॅम, दर पाण्यात. शिवाय लिटरला ५ ग्रॅमची फवारणी, सात दिवसांच्या अंतराने दोनदा, दिवे बंद झाल्यावर. आठवड्यातून एकदा १९:१९:१९ ऐवजी कॅल्शियम नायट्रेट, लिटरला पाऊण ग्रॅम. याचं दाट द्रावण एपसमच्या किंवा १९:१९:१९ च्या दाट द्रावणात कधीही मिसळायचं नाही. तळाला पांढरा गाळ बसतो आणि कॅल्शियम त्यातच जातं.

आठवडा ८. पिवळेपणा वर सरकायचा थांबला. पिवळी झालेली पानं पूर्ण हिरवी होणार नाहीत, त्यांच्याकडे बघत बसू नये. एका फुले ज्योतीचा शेंडा मात्र पांढुरका, शिरांसकट, आणि तोही फक्त दिव्याच्या बरोबर खाली. हा खताचा प्रश्नच नाही. झाड वाढून दिवा २५ सेंटिमीटरवर आला होता. मोबाइलच्या उजेड मोजणाऱ्या अ‍ॅपवर ४५,००० लक्स. दिवा वर घेऊन २५,००० वर आणला.

आठवडा ९. सोसायटीला बोअरच्या पाण्याचे टँकर सुरू. टीडीएस ५२०. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चारही फुले ज्योतींची नवी पानं लिंबासारखी पिवळी, शिरांची जाळी हिरवीगार, खालची पानं उत्तम. चित्र आठवडा ७ सारखंच, पण उलट्या टोकाला. लोह झाडात फिरत नाही, म्हणून कमतरता कोवळ्या पानात दिसते. इथे पुन्हा एपसम टाकणं ही नेहमीची चूक.

बॅगेत २० टक्के पाणी खालून निघेपर्यंत ओतलं आणि निचऱ्याचा पीएच मोजला: ७.३. मीटर आधी ६.८६ आणि ४.०१ च्या बफरमध्ये (पीएच ठरलेल्या द्रावणांत) तपासलेला. कोकोपीटमध्ये ५.८ ते ६.२ हवा. म्हणजे लोह कमी नव्हतं, चढलेल्या पीएचमुळे अडकलं होतं. बोअरच्या पाण्यातलं बायकार्बोनेट पीएच खाली येऊ देत नाही. आम्ल टाकून आत्ता ६ आला तरी उद्या सकाळी पुन्हा वर. म्हणून बादली रात्रभर ठेवून पुन्हा मोजायची. फॉस्फोरिक आम्लाचं १० टक्के द्रावण, एकेक मिली करत (आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही). सायट्रिक अ‍ॅसिड स्वस्त, पण त्याचा परिणाम टिकत नाही.

लोहासाठी ईडीडीएचए (चिलेटेड लोहाचा एक प्रकार) ६ टक्के, १० लिटरला अर्धा ग्रॅम. कृषी सेवा केंद्रात बहुतेकदा ईडीटीए (दुसरा प्रकार) १२ टक्के पुढे करतात. आकडा मोठा दिसतो, पण ६.५ च्या वर पीएच गेला की त्यातलं लोह सुटतं आणि वाया जातं. पुडीवरचं नाव वाचूनच घ्या.

आठवडा १०. निचरा ६.३. सहाव्या दिवशी नवीन पानं हिरवी निघाली.

एका लवंगीवर बारीक फिके ठिपके. ही कमतरता नव्हे, लाल कोळी. एप्रिलच्या कोरड्या हवेत येतोच. पानाखाली पांढरा कागद धरून झटका द्या, ठिपके चालायला लागले की निदान झालं. पानं वर वळली तर फुलकिडे, खाली वळली तर पिवळ्या कोळ्याचा संशय धरायचा. निंबोळी तेल लिटरला ५ मिली, थोडं साबणपाणी, पानाच्या खालच्या बाजूने, पाच दिवसांनी पुन्हा.

निदान विचारायला फोटो टाकताना गुलाबी-जांभळ्या दिव्याखाली काढू नका. साध्या ट्यूबलाइटमध्ये, एक जुनं आणि एक नवं पान शेजारी ठेवून काढा, सोबत निचऱ्याचा पीएच आणि टीडीएस लिहा.