समुद्रसपाटीपाशी तुटणारा डोंगर

धरणांच्या बुडीत क्षेत्राचे नकाशे काढण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही नकाशा समोर आला की बोट आधी कॉन्टूरवर, म्हणजे समान उंची जोडणाऱ्या रेषांवर, जाते. नाशिककराची याबाबतीत जुनी अडचण आहे. वीस अंशांचे अक्षवृत्त शहरातूनच जात असल्याने भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशामालिकेत आमचे गाव ४६ एच/१६ आणि ४७ ई/१३ अशा दोन पत्रकांत विभागले गेले आहे. अख्खे नाशिक पाहायचे तर दोन्ही कडेला कड लावून चिकटवावी लागतात.

गेल्या आठवड्यात नॉर्वेतील सोग्ने फिओर्डचा, म्हणजे हिमनदीने कोरलेल्या दरीत समुद्र शिरून झालेल्या चिंचोळ्या खाडीचा, नकाशा संगणकावर उघडला. प्रमाण १:५०,०००, दोन कॉन्टूरमधले अंतर २० मीटर, म्हणजे सगळे ओळखीचे. ब्रह्मगिरीच्या कड्यापाशी रेषा एकमेकींना चिकटतात, पण बसाल्टच्या थरांच्या पायऱ्यांवर पुन्हा सुटतात. सोग्नेत हिमनदीने खडक खरवडून काढल्यामुळे त्या काही ठिकाणी हजारेक मीटरपासून थेट पाण्यापर्यंत दाटीनेच उतरतात आणि काठाशी एकदम संपतात. पुढे नुसता निळा रंग.

या निळ्या रंगाखाली फिओर्ड सर्वांत खोल जागी सुमारे १,३०० मीटर आहे. मुखाकडे, जिथे हिमनदी पसरून तिची कोरण्याची ताकद ओसरली, तिथे तळ उंबरठ्यासारखा वर येतो. ही सगळी माहिती जहाजांसाठीच्या सागरी नकाशात सापडते, परंतु त्याचा शून्यच निराळा असतो: डोंगराची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात, तर जहाजाचा तळ टेकू नये म्हणून खोली मोजतात ती ओहोटीच्या अगदी खालच्या पातळीपासून. इथे कडेला कड लावून भागत नाही, आधी शून्य जुळवावा लागतो. शिवाय हिमयुगातील बर्फाचे ओझे उतरल्यापासून ती जमीन अजून वर येत आहे, आणि त्यामुळेही नॉर्वेला १९५४ ची उंचीप्रणाली सोडून नवी स्वीकारावी लागली. बेंचमार्क, म्हणजे उंचीची पक्की खूण, एकदा दगडात कोरला की तो हलत नाही, या विश्वासावर आम्ही तीस वर्षे लेव्हल लावली!

शेवटी आलेखाचा कागद घेऊन, उंची न फुगवता, त्याच प्रमाणात फिओर्डचा आडवा छेद काढला. पाण्याच्या रेषेच्या वर डोंगर भरला २ सेंटीमीटर, खाली २.६.