बार्शी लाईटचं न झालेलं इंजिन

इंजिन काढायला बसलो तेव्हा सुरुवात धुरांड्यापासून केली. चूक तिथंच झाली.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दिवसभर भोसरीत पत्र्याच्या भागांची ड्रॉइंगं काढून घरी आल्यावर माणसाने पुन्हा पेन्सिल हातात घेऊ नये, असं बायकोचं मत आहे आणि ते बरोबरच आहे. पण मी बार्शीचा. आमच्याकडे रेल्वे म्हणजे बार्शी लाईट, अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी. पुढे रुंदीकरण झालं आणि ती गेली. डोक्यातून मात्र गेली नाही. या लाईनीवर जी इंजिनं खरोखर धावली त्यांचे फोटो बघून झाले होते. मग मनात आलं, जे कधी झालंच नाही पण होऊ शकलं असतं, असं एक इंजिन आपण काढावं. आषाढीच्या गर्दीसाठी, पंढरपूरला वारकऱ्यांनी खच्चून भरलेली लांबलचक गाडी ओढणारं.

पहिल्या रात्री काढलं ते लग्नपत्रिकेवरच्या गणपतीसारखं होतं. दिसायला प्रसन्न आणि चारी बाजूंनी सजवलेलं. उंच धुरांडं, पितळी घुमट, दहा मोठी चाकं, लांब बॉयलर. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात बंगाल नागपूर रेल्वेचं एन वर्गाचं प्रचंड गॅरट इंजिन पाहिलं होतं, त्याची भूल अजून उतरली नव्हती. माझं इंजिन वजनाने किती भरेल याचा अंदाज काढला तर साठ टनांच्या वर गेलं. म्हणजे बार्शीच्या रुळांवर ते उभं केलं असतं तर जागच्या जागीच खचलं असतं.

तो कागद बाजूला ठेवला आणि रुळापासून सुरुवात केली.

ही लाईन बांधणारा एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर एका आकड्याला चिकटून बसलेला माणूस होता. आकडा पाच. एका आसावर, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर, पाच टनांपेक्षा जास्त भार नको, मग ते इंजिन असो की मालडबा. रूळ हलका, एका गजाला (तीन फुटांना) ३० पौंड वजनाचा. इंजिनाचा आस जड आणि डब्याचा हलका असं ठेवलं तर महाग रूळ फक्त इंजिनाच्या लाडासाठी घालावा लागतो, आणि डबे अर्धे रिकामे धावतात. सगळ्यांनाच पाच टन दिले की रुळाचा पै न् पै वसूल होतो. १८९६ साली त्याने लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून, इंजिन आणि डबे आणून, लोकांना हे चालवूनही दाखवलं. दुसऱ्या वर्षी, १८९७ मध्ये, बार्शी रोड म्हणजे आपलं कुर्डुवाडी ते बार्शी अशी लाईन सुरू झाली. (याच गृहस्थाने पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानातून उडी मारायची हवाई छत्री बनवली. वजनाचा विचार त्याला कुठंच सोडत नसावा.)

त्याने लीड्सच्या किटसन कंपनीकडून जे पहिलं इंजिन करून घेतलं ते ०-८-४ मांडणीचं. पुढे मोकळी चाकं नाहीत, मध्ये ओढणारी आठ, मागे आधाराची चार. एकूण सहा आस. पाच टनांनी गुणलं की तीस टन ही कमाल मर्यादा, आणि त्यातले ओढणाऱ्या चाकांवर वीसच. चाक आणि रूळ यांच्यातली पकड ढोबळपणे त्या चाकांवरच्या वजनाचा चौथा हिस्सा धरतात. वीस टनांचे ४४,८०० पौंड, त्याचा चौथा हिस्सा ११,२००. मला याहून जास्त ओढ हवी होती आणि आस तर जड करायचा नव्हता. मग आसच वाढवायला हवेत. पण एकाच चौकटीत आस वाढवत गेलो की इंजिन ताठ होतं आणि वळणावर अडतं.

इथे गॅरट आठवलं, पण दिल्लीतलं अजस्र नव्हे. हर्बर्ट विल्यम गॅरटची मूळ कल्पना अगदी लहान रुळांवर जन्माला आली. मँचेस्टरच्या बायर पीकॉक कंपनीने १९०९ मध्ये टास्मानियासाठी पहिलं गॅरट बनवलं ते दोन फुटी रुळांचं, आणि १९११ मध्ये आपल्या दार्जिलिंगच्या गाडीसाठीही एक बनलं. रचना अशी: पुढे एक छोटं इंजिन, मागे एक छोटं इंजिन, दोघांवर पाण्याच्या टाक्या आणि कोळसा, आणि दोघांच्या मध्ये झोळीसारखा टांगलेला एकच बॉयलर. वळणावर पुढचं आणि मागचं आपापलं वळतं. मी ठरवलं की लाईन १९११ मध्ये लातूरला पोचली, त्यानंतर दोन वर्षांनी, १९१३ मध्ये, कंपनीने मँचेस्टरला अशी मागणी केली. मांडणी २-६-०+०-६-२. आठ आस, चाळीस टन. त्यातले सहा आस ओढणारे, तीस टन. म्हणजे ६७,२०० पौंड, आणि पकड १६,८००.

आता सिलिंडर. ओढीचं सूत्र सोपं आहे: दट्ट्याच्या (पिस्टनच्या) व्यासाचा वर्ग गुणिले त्याची धाव, भागिले चाकाचा व्यास, गुणिले वाफेच्या दाबाचे ८५ टक्के. एका जोडीला एवढं, माझ्याकडे दोन जोड्या. चाक ३० इंच, धाव १६ इंच, दाब १६० पौंड धरला आणि हौसेने व्यास १२ इंच ठेवला. उत्तर आलं २०,८९० पौंड. रात्री साडेअकराला मी एकटाच खूश. सकाळी चहा पिताना लक्षात आलं की पकड १६,८०० ची आणि ओढ जवळजवळ २१,०००. हे इंजिन सुटताना गाडी ओढणार नाही, जागेवर चाकं गरगर फिरवत बसेल. व्यास साडेदहा इंचांवर आणला. ओढ १६,००० च्या आसपास आली, पकडीच्या आत. दीड इंच कमी करायला मन तयार व्हायला दोन दिवस लागले, हे कबूल करतो.

मग ही ओढ किती गाडी ओढेल ते पाहिलं. शंभराला एक असा चढ धरला. दर टनाला चढाचे २२.४ पौंड लागतात, चाकांच्या घर्षणाचे मी १० धरले. सोळा हजारांना ३२.४ ने भागलं, इंजिनाचे स्वतःचे चाळीस टन वजा केले. साडेचारशे टन! ही ओढ सुटतानाची असते, वेग धरला की उतरते, हे माहीत होतं, तरी आकडा छान दिसत होता. ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन रविवारी बार्शी गाठली.

माझे थोरले चुलते, आप्पा, तरुणपणी छोट्या गाडीवर फायरमन होते. आता ऐंशीच्या पुढे आहेत. ऐकू कमी येतं, पण चष्मा लावला की दिसतं सगळं. त्यांनी कागद ओसरीवर पसरून घेतला, कोपऱ्यांवर अडकित्ता, चंची, तांब्या आणि स्वतःचा पाय ठेवला.

"ह्यात पाणी किती?"

"हजार गॅलन, आप्पा. पुढच्या टाकीत सातशे, मागं तीनशे."

"आन् संपल्यावर?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. "संपल्यावर पुढच्या ठेसनात भरायचं."

"तसं न्हवं. तू तीस टन म्हनतोस चाकावर. ते पान्यासकट. पानी वाफ हून उडून गेलं, कोळसा जळून गेला, मग चाकावर काय ऱ्हातंय?"

हजार गॅलन म्हणजे दहा हजार पौंड, साडेचार टनांच्या जवळपास. दीड टन कोळसा. एकूण सहा टन, आणि त्यातला बहुतेक भार ओढणाऱ्या चाकांवरच. मी मान खाली घालून ओसरीवर बसूनच हिशेब केला: शेवटी पंचवीस टन उरतात. म्हणजे ५६,००० पौंड, आणि त्याचा चौथा हिस्सा १४,०००. माझं इंजिन भरल्या पोटी शहाणं आणि रिकाम्या पोटी घसरणारं होतं. गॅरटचा हा जातिवंत दोष आहे. टाक्या चाकांच्या डोक्यावर असतात म्हणून वजन मिळतं, आणि म्हणूनच ते जातंही.

"आन् आषाढी कधी असती?" आप्पांनी दुसरा घाव घातला. "पावसात. रुळावर चिखुल, पाला. साडेचारशे इसर. निम्मं धर, तरबी लई झालं."

त्यांनी आणखी एक विचारलं, वाळूच्या पेट्या कुठं आहेत म्हणून. चाक घसरायला लागलं की रुळावर वाळू सोडतात. मी पेट्या दाखवल्याच नव्हत्या. धुरांड्यावरचा पितळी पट्टा मात्र नीट दाखवला होता.

परत आल्यावर वाळूच्या चार पेट्या काढल्या, दोन पुढच्या इंजिनावर, दोन मागच्या. दोन्ही टाक्या नळीने जोडल्या, म्हणजे पाणी दोन्हीकडून सारखं उतरेल आणि एकच बाजू हलकी पडणार नाही. व्यास आणखी कमी करायचा का, यावर बराच विचार केला आणि साडेदहाच ठेवला. ड्रायव्हर हुशार असेल तर रेग्युलेटर, म्हणजे वाफेची झडप, हळू उघडेल. ड्रायव्हर माझ्याच मनातला असल्यामुळे तो हुशारच आहे.

सगळ्यात आनंद झाला तो भट्टी काढताना. साध्या इंजिनात, त्यातून अरुंद रुळांवर, भट्टी चाकांच्या आणि चौकटीच्या मध्ये कोंबावी लागते. नाहीतर वर उचलावी लागते आणि मग ती उथळ होते. गॅरटमध्ये बॉयलरखाली चाकंच नाहीत, सगळं मोकळं. भट्टी पाहिजे तेवढी रुंद, पाहिजे तेवढी खोल, खाली राखेचं भांडंही मोठं. आपल्या दगडी कोळशात राख भरपूर, त्यामुळे शेगडीची जागा जेवढी जास्त तेवढी बरी. मी पंधरा चौरस फुटांची शेगडी केली. जाड, आखूड बॉयलर. त्या एका संध्याकाळी मी जेवायला उठलो नाही, आणि त्यावर घरात जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वळणाची मात्र धास्ती होती. मधला बॉयलर वळणावर आतल्या बाजूला सरकतो. तो फलाटाला किंवा सिग्नलच्या खांबाला घासला तर? बॉयलर ज्यांवर टेकतो त्या दोन खुंट्यांमधलं अंतर वीस फूट आणि वळणाची त्रिज्या तीनशे फूट धरून हिशेब केला तर सरकणं जेमतेम दोन इंच. उगाच घाबरलो होतो. तरी डोळ्यांनी बघायचं म्हणून पुठ्ठ्याचं मॉडेल केलं, विसास एक या प्रमाणात. तीनशे फुटांची त्रिज्या या मापात पंधरा फूट होते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुतळी धरून खडूने वळण आखलं. सुतळीचं एक टोक वॉचमनकाकांनी धरलं होतं. त्यांना वाटलं रांगोळीची तयारी आहे. मी खरं सांगितलं, तर म्हणाले, "मग रांगोळीच काढा की, दिसायला तरी बरी."

वळणावर बॉयलरने काही त्रास दिला नाही. त्रास दिला पुढच्या टाकीने. टाकीचा मागचा कोपरा वळताना बॉयलरच्या तोंडावर आपटत होता. खऱ्या गॅरटच्या टाक्यांचे कोपरे गोल का असतात हे मला फोटोंमध्ये कधी कळलं नव्हतं, मला ती शोभा वाटायची. कात्रीने कोपरे उडवले, मॉडेल फिरलं, आणि टाकीतले पन्नासेक गॅलन गेले.

नावाचा प्रश्न घरातच सुटला. इंग्रज कंपनीने त्याला वर्गाचं एखादं अक्षर दिलं असतं आणि विषय संपला असता. पण आई म्हणाली, एवढं दळण दळणारी आहे तर तिला जनी म्हण. तेव्हापासून इंजिन 'ते' राहिलं नाही, 'ती' झाली.

एक खरं सांगून टाकतो, कारण जाणकार विचारणारच. जनीची गरज नव्हती. बार्शी लाईटने पुढे १९२७ मध्ये मिरजेपर्यंत लाईन नेली, आणि गाड्या वाढल्या तेव्हा २-८-२ मांडणीची, मागे टेंडर (कोळसा-पाण्याचा जोडडबा) असलेली साधी इंजिनं आणली. एक चौकट, दोन सिलिंडर, दुरुस्तीला सोपी. गॅरटमध्ये चार सिलिंडर, वाफेच्या नळ्यांना वळणारे सांधे, आणि प्रत्येक सांध्यातून गळती. कुर्डुवाडीच्या मिस्त्र्यांनी मला शिव्याच घातल्या असत्या. कंपनीचं बरोबर होतं. मला ते पटतं, आणि तरीही मी जनी काढली.

दिवाळीत सुधारलेलं ड्रॉइंग घेऊन पुन्हा आप्पांकडे गेलो. या वेळी वाळूच्या पेट्या त्यांनी बोटाने मोजल्या. मग बोट कॅबवर आलं आणि थांबलं.

"फायरमन कुठं हुबा ऱ्हानार?"

मी दाखवलं.

"कोळसा मागच्या इंजनावर. ते येगळं वळतंय. ह्यो बॉयलरसंगं. मधी फट. फावडं घ्यायला मागं फिरला की पाय कुठं?"

मी पाहिलं. फट झाकायला लोखंडी फळी टाकता आली असती, पण फावडं भरून वळायला जागाच नव्हती. मागे वळताना त्याचं कोपर कोळशाच्या भिंतीला लागणार होतं, दर फावड्याला. आप्पा उठून उभे राहिले, हातात नसलेलं फावडं धरलं, भरलं, वळले, टाकलं. पुन्हा वळले. मी त्यांच्या पायांच्या मागून खडूने रेघ मारली आणि टेपने मोजलं. माझ्या कॅबपेक्षा आठ इंच जास्त.

कॅब आठ इंच वाढवली. पत्रा, जमीन, छत, खालची चौकट, सगळं तेवढं लांबलं. रात्री वजनाची बेरीज पुन्हा केली तर चाळीस टन आणि चार हंड्रेडवेट, म्हणजे मर्यादेच्या वर साधारण दोनशे किलो. धुरांड्यावरचा पितळी पट्टा काढून टाकला आहे. त्याने पाच किलो कमी झाले. बाकीचे कुठून काढायचे ते बघतोय.