लावून ठेवलेलं

पेअर किसता किसता हात थांबला. कोरियन पेअर म्हणजे आपल्या नाशपातीचा लठ्ठ भाऊ. गोल, तपकिरी सालीचा, चावला की पाणीच पाणी. शिकागोतल्या दुकानात प्रत्येक फळ जाळीचं बनियन घालून ऐटीत बसलेलं असतं. एवढं महाग फळ किसून बीफला चोळणं आमच्या घराण्यात पहिल्यांदाच होत होतं. बीफही पहिल्यांदाच.

कोरियन लोक याला बुलगोगी म्हणतात. बुल म्हणजे आग, गोगी म्हणजे मांस. खरं तर मांसाचे कागदासारखे पातळ काप हवेत. मी आणला होता फ्लँकचा अख्खा तुकडा, पोटाकडचा, चपटा, लांब धाग्यांचा. अर्धी वाटी सोया सॉस, दोन चमचे ब्राउन शुगर, आलं, लसूण, मिरपूड आणि भाजलेल्या तिळाचं तेल. या तेलाचा वास आपल्या गोड्या तेलासारखा नाही, संक्रांतीला कढईत तीळ जरा जास्त भाजले गेले की घरभर सुटतो तसा आहे. पेअर कशाला, तर त्यात मांस मऊ करणारं एन्झाइम असतं. किवीत तर भलतंच जोरदार असतं. मागे चिकनला किवी लावून रात्रभर ठेवलं होतं. सकाळी ते दात पडलेल्या आजीच्या लायकीचं झालं होतं.

आमच्याकडे कोल्हापुरात हे काम कच्च्या पपईकडे. रविवारी बाबा मटण आणायचे, आई हळद, मीठ, आलं-लसूण लावून पातेल्यावर ताट झाकायची आणि ताटावर वरवंटा ठेवायची. मांजरासाठी. मांजर मग पातेल्याभोवती अशा काही फेऱ्या घालायचं, की वडालाही कुणी घातल्या नसतील. मटण जून वाटलं की मला शेजारच्या काकूंकडे पिटाळलं जायचं. काकू माळकरी. घरात कांदा-लसूणसुद्धा नाही. पण परसात पपई होती. "काकू, आईने पपईची फोड मागितलीय." काकू आकडी घेऊन मागे जायच्या, हिरवीगार पपई पाडायच्या, चीक पुसून अर्धी कापून द्यायच्या. कशाला हवी, हे त्यांनी कधी विचारलं नाही. रविवारीच का लागते, हेही नाही.

आई 'मॅरिनेट' म्हणत नाही. 'लावून ठेव' म्हणते. फार तर 'मुरू दे'. लोणचं मुरतं, राजकारणी मुरतात, पाणी कुठेतरी मुरतंच. शास्त्र मात्र म्हणतं की मांसात मीठ तेवढं हळूहळू आत जातं, बाकी लसूण, तेल, साखर सगळी मंडळी वरच्या वर बसून राहतात. वाचून जरा वाईट वाटलं. बारा वर्षं या देशात काढल्यावर असं काही वाचू नये.

यावरून मला काहीतरी चांगलं सुचत होतं. तेवढ्यात बिडाचा तवा धुरावला. तुकडा टाकण्याआधी कागदाने कोरडा टिपून घ्यायचा असतो, नाहीतर भाजायच्या ऐवजी नुसता उकडतो. १९१२ साली मायार नावाच्या फ्रेंच माणसाने साखर आणि अमिनो आम्लं एकत्र तापवल्यावर रंग तपकिरी का होतो ते मांडलं. आई त्याला 'खमंग' म्हणते. माझ्या सॉसमध्ये साखर जास्त झाली होती, त्यामुळे खमंग आणि करपलेलं यांत चार सेकंदांचं अंतर उरलं. छतावरचा अलार्म बोंबलू लागला. खुर्चीवर चढून टॉवेल हलवला. खाली उतरले तोवर सुचलेलं गेलं होतं.

मांस पाच-सात मिनिटं तसंच ठेवून धाग्याला आडवं कापलं. भातावर घेऊन खाल्लं. कडा कडू, मधे छान.

सकाळी आईचा फोन आला होता. काय करतेयस, विचारत होती. "मांस लावून ठेवलंय," म्हटलं. कसलं, ते सांगायला मी तोंड उघडत होते.

"पपई मिळाली का तिकडे?" ती म्हणाली.

"नाही. पेअर लावलाय."

"बरं," म्हणाली, आणि कोल्हापुरातल्या उकाड्याबद्दल बोलू लागली.